कॅन्सरच्या घराला यादी नको, माणूस हवा

केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे, म्हणजे दाखल न होता उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी केंद्रे, उभारण्याची घोषणा केली, पहिल्याच वर्षी २०० केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले, आणि कॅन्सरच्या उपचारांवरची आपली जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली. एका बाजूचे म्हणणे असे, की खाटा नाहीत, यंत्रे नाहीत, डॉक्टर नाहीत. मग योजनांच्या घोषणा कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की योजना ढीगभर आहेत, संस्था आहेत, निधी आहेत. लोकांनाच माहिती नसते, तेव्हा जनजागृती करा. पहिली बाजू सगळे काही इमारतींवर मोजते, दुसरी सगळा दोष रुग्णाच्या अज्ञानावर टाकते. ज्या घरात कालच बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे, त्या घराला उद्या सकाळी नेमके कुठे जायचे, हे या दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. मदत शोधणे हे आजारी घराचे काम असूच नये. ज्या दिवशी निदान हातात पडते त्याच दिवशी, त्याच रुग्णालयात, त्या घराची केस हाती घेणारा एक प्रशिक्षित आणि पगारी माणूस असला पाहिजे. तो नसेल तोवर नवी केंद्रे अर्धीच वापरली जातील आणि जुन्या योजना ओळखीपाळखीवर चालत राहतील.

‘माहितीचा अभाव’ हे शब्द फार सैल वापरले जातात, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतमजुराला जबड्याचा कॅन्सर निघाला. बायोप्सी नांदेडच्या एका खासगी लॅबमध्ये झाली. घरच्यांच्या हातात दोन पानी रिपोर्ट आला आणि ते मुंबईला निघाले. मुंबईतले मोठे रुग्णालय नुसत्या रिपोर्टवर उपचार ठरवत नाही. त्यांना मूळ काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, स्वतः तपासायचा असतो. तो लॅबमध्येच राहिलेला असतो. मागितला की सही घेऊन देतात, पण मागायचा असतो हे सांगणारे कुणी भेटलेले नसते. मग कुणीतरी परत नांदेडला जातो, नाहीतर बायोप्सी पुन्हा होते. सीटी स्कॅनचेही तेच. फिल्म पिशवीत घालून आणलेली असते, सीडी सेंटरवर विसरलेली असते. दोन-तीन आठवडे इथेच जातात, आणि जबड्यातली गाठ तेवढ्यात थांबून राहत नाही.

त्याहून महाग पडणारी चूक पैशांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्णपणे कॅशलेस आहे. उपचार योजनेत नोंदवलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात आणि ते सुरू होण्याआधी मंजुरी लागते. शेजाऱ्याने सांगितले म्हणून एखाद्या नोंदणी नसलेल्या नर्सिंग होममध्ये शेत गहाण ठेवून ऑपरेशन उरकले, तर त्या पैशांतला एक रुपयाही नंतर परत मिळत नाही. शिवाय ‘रुग्णालय योजनेत आहे’ एवढे विचारून भागत नाही. या आजारासाठी, या उपचारासाठी ते योजनेत आहे का, रेडिएशनची सोय तिथे आहे का की ऑपरेशननंतर दुसरीकडे पाठवतील, हे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारावे लागते. रेशन कार्डावर सुनेचे नाव चढलेले नसणे, आधारवर ‘सखाराम’ आणि कार्डावर ‘सखाहरी’ असणे, ही तर रोजची अडचण. योजनेचे पाच लाखांचे कवच एका वेलांटीवर अडकून पडते.

यापुढचा टप्पा राहण्याचा. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला रेडिएशन साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालते. रोजचा उपचार काही मिनिटांचा असतो, उरलेल्या दिवसाला छप्पर लागते. टाटा रुग्णालयाच्या आसपास परळच्या फुटपाथवर जी कुटुंबे अंथरूण टाकून असतात, त्यांतल्या बहुतेकांना खाट मिळाली नाही म्हणून ती तिथे नसतात. त्यांच्या उपचाराला खाट लागतच नाही. लागते ती खोली. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे, लहान मुले आणि त्यांच्या आईवडिलांसाठी २००६पासून सेंट ज्यूडची केंद्रे आहेत. पण रेल्वेतून उतरून थेट दारात गेले की खोली मिळते असे नाही. उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे पत्र लागते, कुठे सोबतच्या माणसांवर मर्यादा असते, कुठे वयाची अट असते, आणि जवळपास सगळीकडे प्रतीक्षा यादी असते. उपचाराची तारीख आणि खोलीची तारीख जुळवणे हे स्वतंत्र काम आहे. ते आज कोण करते? ज्याचा भाऊ आत तपासणीला गेला आहे, तो. रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून एकाला उभे करून, फोनची बॅटरी सांभाळत.

आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेक यादीत नसते. जबड्याला रेडिएशन द्यायच्या आधी दात तपासून घ्यावे लागतात. किडलेले दात काढायचे तर रेडिएशन सुरू होण्याआधी निदान दहा ते चौदा दिवस काढावे लागतात, म्हणजे जखम भरते. नंतर काढले तर रेडिएशनने कमजोर झालेले हाड भरून येत नाही, कुजू लागते, आणि त्याचा त्रास वर्षानुवर्षे भोगावा लागतो. गावच्या दंतवैद्याकडे ज्या दिवशी जायला हवे होते तो दिवस निघून जातो, कारण तो दिवस कुणी सांगितलेलाच नसतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो चांगल्या मनाच्या लोकांचा. ते म्हणतील, मग हे सगळे एका ठिकाणी लिहून काढा, अ‍ॅप करा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा. या आक्षेपात तथ्य आहे. यादी स्वस्त असते, एका रात्रीत हजारोंकडे पोहोचते, आणि अशा याद्यांमुळे अनेकांना वाट सापडली आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९पासून आणि व्ही केअर १९९४पासून मुंबईत काम करते आहे. रुग्णांना मदत करणाऱ्या या संस्थांची नावे कुणाच्या तरी फॉरवर्डमधूनच पहिल्यांदा कळलेली माणसे खूप असतील. पण यादी वाचणाऱ्याला स्वतःची केस आधी कळलेली असावी लागते. आजार कोणता, टप्पा कोणता, वय किती, कार्ड कोणत्या रंगाचे, उत्पन्न किती, उपचार कुठे, आणि अजून काय सुरू झालेले नाही, या सगळ्यांच्या छेदावर मदत उभी असते. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते, रुग्णालय खासगी असेल तर ते सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात असतात; तिथली उत्पन्नाची मर्यादा वेगळी, अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. पण ठरावीक नमुन्यातला फॉर्म रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून भरून तो आरक्षण खिडकीवर न्यावा लागतो. हे सारे लिहून काढता येते, आत्ताच काढले. पण कोणते आधी आणि कोणते नंतर, हे कागद सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला आधी काढला असता तर तो सहायता निधी आणि धर्मादाय खाट या दोन्हीकडे चालला असता, हे कळेपर्यंत माणूस मुंबईत असतो आणि तहसील कार्यालय सहाशे किलोमीटरवर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाटा आणि यंत्रे खरोखरच कमी आहेत. मार्ग दाखवणारा माणूस दिला, पण मार्गाच्या शेवटी सहा आठवड्यांची रांग असेल, तर त्याचा उपयोग काय? हे मान्य करावेच लागेल. रेडिएशनचे यंत्र नसलेल्या जिल्ह्यात कोणताही मार्गदर्शक रेडिएशन देऊ शकत नाही. तरीही हा युक्तिवाद अपुरा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रुग्णालयाचा अनुभव इथे पाहावा. तिथे १९६४ ते १९८६ या काळात स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्के होते. अमेरिकेत यंत्रांची वानवा नव्हती. गरीब कृष्णवर्णीय बायका उशिरा येत होत्या आणि तपासणीनंतर मध्येच कुठेतरी हरवत होत्या. सर्जन हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९०मध्ये तिथे रुग्णांना हाताला धरून पुढच्या टप्प्यापर्यंत नेणारी माणसे नेमली. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत तेच प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. याचे सगळे श्रेय त्या माणसांना देता येणार नाही, कारण मोफत आणि स्वस्त तपासणीही त्याच सुमारास वाढली होती, नवी औषधेही आली होती. पण तपासणी आणि उपचार यांच्यामधली दरी नुसत्या इमारतीने बुजत नाही, हे त्या रुग्णालयाने दाखवून दिले.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्याच देशाने एचआयव्हीच्या बाबतीत हे करून दाखवले आहे. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांमधून चाचणी केंद्रे उघडली, तेव्हा तिथे तंत्रज्ञाबरोबर समुपदेशकाची जागाही मंजूर झाली. चाचणीआधी बोलणे, चाचणीनंतर बोलणे, आणि पॉझिटिव्ह आलेल्याला एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राशी जोडून देणे हे त्या माणसाचे नेमून दिलेले काम. टीबीच्या रुग्णाची नोंद करणे २०१२पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले. एप्रिल २०१८पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४पासून हजार रुपये, थेट खात्यात जातात. या दोन्ही आजारांत सरकारने एक गोष्ट मान्य केली, की रुग्णाला गाठणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे. कॅन्सरला ती का मान्य करू नये? संसर्ग होत नाही म्हणून? शेजाऱ्याला धोका नाही, तेव्हा रुग्णाने स्वतःचे पाहावे, हे तर्कट आपण उघडपणे कधीच मांडणार नाही. व्यवहार मात्र तसाच चालला आहे.

तिसरा आक्षेप घरातला आहे. आपल्याकडे कुटुंब असते, नातलग असतात, गाव असते. समुपदेशक आणि आधारगट ही एकट्या माणसांची गरज. कुटुंबे जे सोसतात त्याला तोड नाही, हे खरेच. पण कुटुंब असते म्हणजे त्याला सगळे कळते असे नाही. उलट ‘तिला सांगू नका’, ‘पोरीचं लग्न ठरायचंय, बाहेर बोलू नका’ या दोन वाक्यांनी घर स्वतःलाच कोंडून घेते. मग ज्या शेजाऱ्याच्या मुलाला सगळी वाट ठाऊक असते, त्यालाच विचारता येत नाही. नाव न फोडता बोलता येईल असे माणूस रुग्णालयात हवे, ते यासाठी. एचआयव्हीच्या समुपदेशकांनी याहून कितीतरी मोठा कलंक सांभाळला आहे. आणि प्रश्न पैशांपुरता नसतो. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवणारी माणसे असतात. पोटावर पिशवी लागलेल्याला ती गळू नये म्हणून भोकाचे माप कसे घ्यायचे, कातडी कशी जपायची, हे दाखवणारी माणसे असतात. स्तन काढल्यानंतर हात सुजू नये म्हणून व्यायाम असतात. नाकातून नळी असलेल्याला नळीतून काय, किती पातळ आणि किती वेळाने द्यायचे, हे कुणीतरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला समजावून सांगावे लागते, तिच्या नवऱ्याला नव्हे. चुलत्याला, मामाला हे कुठून माहीत असणार?

कुटुंब जिथे थकते तिथे आपल्याकडे साहेब येतात. आमदाराचे पत्र, नगरसेवकाचा फोन, पक्षाचा वैद्यकीय मदत कक्ष. या कक्षांत रात्री दोनला फोन उचलणारे कार्यकर्ते आहेत, त्यांनी माणसे वाचवली आहेत. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण कायद्याने जी खाट माझी आहे, ती मला पत्रामुळे मिळाली, तर मी उपकाराखाली येतो. ज्याला पत्र मिळाले नाही, त्याला ती खाट त्याचीही होती हे कधी कळतच नाही. महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायचे काम मिळणे हा सरकारचा दिलासा होता. १९७७च्या रोजगार हमी कायद्याने त्याचा हक्क केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली मूळ गोष्ट साधी होती. मजुराने काम मागायचे, आणि ते पंधरा दिवसांत शोधून देणे ही सरकारची जबाबदारी. ती योजना पुढे कितीही रखडली असेल, शोधण्याचे ओझे मजुराच्या डोक्यावरून उतरवून कार्यालयावर ठेवण्याची कल्पना आपल्या मातीतली आहे. अंगात ताकद असलेल्या मजुरासाठी जे केले, ते केमोने उभे राहवत नसलेल्या माणसासाठी का करू नये?

मग हे काम करायचे कुणी? इथे घाईने उत्तर दिले जाते, आशाताई. ते चूक ठरेल. तिशीवरच्या प्रत्येकाचा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लक्षणांचा फॉर्म भरण्याचे काम आधीच तिच्याकडे आहे, लसीकरण आहे, बाळंतपणे आहेत. संशयित रुग्ण ओळखून पुढे पाठवणे तिने करावे, पुढचे सगळे तिच्या गळ्यात मारू नये. मोठ्या रुग्णालयांतल्या वैद्यकीय समाजसेवकांकडे बोट दाखवले जाते, तेही अर्धेच खरे. ते कसबी आहेत, पण रुग्ण त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे महिने आणि पैसे आधीच गेलेले असतात. माणूस हवा तो अलीकडच्या टोकाला, जिल्हा रुग्णालयात, पॅथॉलॉजीच्या रजिस्टरशी जोडलेला. बायोप्सीत कॅन्सर आला की त्या दिवशी त्याच्याकडे नाव जावे. प्रशिक्षणाचा प्रश्नही सुटलेला आहे. टाटा मेमोरियल सेंटरने टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर ‘केवट’ नावाचा रुग्ण-मार्गदर्शनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. राज्यात ३६ जिल्हे. प्रत्येकी दोन माणसे धरली तर ७२. महिना ४० हजार पगार धरला तर वर्षाचा खर्च साडेतीन कोटींच्या आत येतो. हे सगळे पुरेसे होईल असे मी म्हणत नाही. पुणे, ठाणे, नाशिकला दोन माणसे अपुरी पडतील. पण पैसे नाहीत म्हणून हे होत नाही, असे कुणी म्हणू नये.

सगळ्यात जास्त मोकळी जागा शेवटच्या टप्प्यावर आहे. ‘आता घरी न्या’ असे सांगितले की फाइल बंद होते आणि घरातल्या वेदना तिथून सुरू होतात. तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना त्या ठेवण्याची वाट सोपी केली आहे. तरी अनेक घरांत त्या पोहोचत नाहीत, आणि पोहोचल्या तर ‘फार दुखलं तर एक’ अशा दिल्या जातात. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घड्याळ बघून नियमित द्यायची असते, आणि बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचे असते. नाहीतर पोट गच्च होऊन रुग्णच गोळी नको म्हणतो. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडच्या एका दवाखान्यापासून सुरू झालेले वेदना शमवणाऱ्या शुश्रूषेचे काम २००८ला राज्याचे धोरण झाले, आणि आज तिथे ग्रामपंचायतीच्या पैशांवर नर्स घरी येते. महाराष्ट्रात अशा शुश्रूषेसाठी १९८६पासून वांद्र्याचे शांती अवेदना सदन आहे, १९९७पासून पुण्यात वारजे इथे सिप्लाचे केंद्र आहे. दोन्ही मोफत सेवा देतात. पण गडचिरोलीच्या घराला त्यांचा उपयोग किती? केरळची पंचायत सधन आहे, गावे खेटून आहेत, हा फरक खरा आहे. म्हणूनच आपल्याकडे पंचायतीची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातून सुरुवात व्हायला हवी.

डे-केअर केंद्राचे उद्घाटन ज्या जिल्ह्यात होईल तिथल्या लोकप्रतिनिधीला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. केंद्राच्या मंजूर पदांत रुग्ण-मार्गदर्शकाचे पद आहे का? बायोप्सीचा निकाल आल्यापासून किती दिवसांत रुग्णाशी कुणीतरी बोलेल, आणि ते कोण? या रुग्णालयात मॉर्फिन मिळते का, आणि आठवड्यातले कोणते दिवस? तोवर ज्यांच्या घरी रिपोर्ट आला आहे त्यांनी लॅबमधून ब्लॉक, काचपट्ट्या आणि सीडी मागून घ्यावी, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढावा, रेशन कार्ड आणि आधारवरचे नाव अक्षर न अक्षर ताडून पाहावे, आणि कुठेही पैसे भरण्याआधी जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर विचारावे, की जवळचे कोणते रुग्णालय याच आजाराच्या याच उपचारासाठी योजनेत आहे. या योजनेत नाव घालून देण्याचे पैसे कुणी मागितले, तर तिथेच थांबावे. तिला शुल्क नाही.